मोहाच्या खोडातील हिंग

नागरा, जि. गोंदिया
७ सप्टेंबर

प्रिय हर्षा,

सर्वप्रथम आनंदाची वार्ता. आपल्या परसातील मोह जगला आहे. ज्या उत्तरेकडील फांदीची जुलै महिन्यात सर्वांनी आशा सोडली होती, त्याच फांदीवर काल सकाळी मी तेवीस नवी पाने मोजली. तांबूस आहेत, आणि अजून इतकी मऊ की हात लावण्याचे धाडस झाले नाही. ज्यांनी हे झाड मारण्याचा प्रयत्न केला, ते आपले शेजारी धनलालजी या क्षणी, मी हे लिहीत असताना, त्याच्या बुंध्याला गुंडाळलेले बारदान सैल झाले आहे की काय ते वाकून पाहत आहेत. हे वाक्य मी दोनदा वाचले. ते खरे आहे.

तू फेब्रुवारीत रायपूरला परतलीस, तेव्हापासून आपण दर रविवारी फोनवर एकमेकांची प्रकृती विचारतो आणि थांबतो. त्यामुळे मधल्या सात महिन्यांत येथे काय घडले ते तुझ्यापर्यंत पोहोचलेले नाही. मी क्रमाने सांगतो, कारण दुसऱ्या रीतीने सांगणे मला जमत नाही. जांभळाची हकीकतही मी टाळणार नाही. परंतु ती शेवटी.

तुझ्या आईच्या जाण्यानंतर दीड महिन्याने, एप्रिलच्या आरंभी, धनेशाची एक जोडी मोहाच्या ढोलीत आली. मादी आत शिरली आणि ढोलीचे तोंड लिंपून आतच बसली. चोच जाईल एवढीच फट उरली. नर दिवसभर उंबराची फळे आणून त्या फटीतून तिला भरवीत असे. पहिली खेप सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, शेवटची सायंकाळी साडेसहाच्या सुमारास. मी ओसरीवर खुर्ची टाकून या खेपांची नोंद ठेवू लागलो. कोणी मला त्याचे कारण विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी सांगू शकलो नसतो. आत बसलेल्या जोडीदारासाठी सारखे आत-बाहेर करणे, हे काम मला परिचित होते, एवढेच म्हणतो.

धनलालजींना मात्र त्या झाडाचा आणि त्यावरील जीवांचा राग होता. त्याला कारण होते. त्यांनी मागील हिवाळ्यात छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, आणि दुपारी तीननंतर आपल्या मोहाची सावली त्यांतील चार प्लेटांवर पडते. त्यात पाखरांची विष्ठा. प्रथम त्यांनी छतावर औषध लावलेले तांदूळ पसरले. एका सकाळी आपल्या परसात पाच होले आणि एक खार मरून पडलेली मला सापडली. नंतर त्यांच्या अंगणात शिरलेली धामण काठीने मारली गेली. मे महिन्यात त्यांनी धनेशाच्या नरावर गुलेल चालवली. नेम चुकला. त्या दिवशी नर दोन तास आला नाही, आणि ते दोन तास मी कसे काढले ते मी वहीत लिहिलेले नाही. जूनमध्ये दोन पिल्ले उडाली. मला वाटले, आता संकट टळले.

आषाढात परसात हिंगाचा वास येऊ लागला. माझी चूक पाहा. रुक्माबाईंच्या, म्हणजे धनलालजींच्या पत्नीच्या, स्वयंपाकघराची खिडकी आपल्या भिंतीकडे आहे. त्यांच्या वरणाची फोडणी असेल असे समजून मी आठ दिवस तो वास घेत राहिलो. एका संध्याकाळी तर मला भूकही लागली, जी फेब्रुवारीनंतर क्वचितच लागत असे. मग ऐन पावसात, सगळा शिवार हिरवागार असताना, मोहाची उत्तरेकडील फांदी पिवळी पडली. मी बुंध्याभोवती फिरलो. भिंतीकडच्या बाजूला गिरमिटाने पाडलेली तीन छिद्रे होती, वरून चिखलाने बुजवलेली. चिखल काढला तेव्हा तो वास माझ्या तोंडावर आला. खोडात हिंग भरून झाड उभ्या उभ्या वाळवण्याचा हा उपाय मी भूमापनाच्या नोकरीच्या काळात गावोगाव ऐकला होता. माझ्याच दारी तो ओळखायला मला आठ दिवस लागले.

त्यानंतर मी मला येणारी एकमेव गोष्ट केली. मी अर्ज लिहिले. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, वनखाते, पुन्हा ग्रामपंचायत. एकूण अकरा अर्ज, प्रत्येक तीन प्रतींत, सोबत छायाचित्रे व परसाचा मोजमापासह नकाशा. उत्तरेही नियमानुसारच आली. छिद्रे कोणी पाडली याचा साक्षीदार नाही. झाड अद्याप उभे आहे. तरी अर्जदाराने पुरावा सादर करावा. त्या उत्तरांत दोष काढता येत नव्हता. मीही त्या खुर्चीवर असतो तर हेच लिहिले असते. दरम्यान दुसरी फांदी मलूल होऊ लागली.

चंदाबाई तुला आठवत असतील. दर एप्रिलला झाडाखालचा पाला झाडून मोहफुले वेचण्यास त्या येतात. तुझी आई त्यांना अर्धी फुले देत असे आणि अर्धी देऊन वर चहा पाजत असे. पोळ्याच्या आठ दिवस आधी त्या आल्या. त्यांनी बुंधा पाहिला. मग छिद्रे कोरून स्वच्छ धुण्यास, त्यांत शेण आणि काळी माती भरण्यास त्यांनी मला लावले. मी हात धुऊन त्यांना अर्जांची फाइल दाखवली. त्या म्हणाल्या, "साहेब, अकरा कागद लिवले तुमी. झाड का वाचून राहिलं?" मी म्हटले की सनदशीर मार्ग हाच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "नारबोदले सांगा ना मंग. तिले पावती नाई लागत."

लग्नानंतर तू पोळ्याला आली नाहीस, म्हणून आठवण करून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोदेची मातीची मूर्ती घेऊन सारे गाव शिवेकडे निघते. दारादारांतील पळसाच्या डहाळ्या गोळा होतात आणि ज्याला जी पीडा असेल ती तो ओरडून सांगतो. खोकला घेऊन जाय गे नारबोद, डास घेऊन जाय गे नारबोद. माणसाचे नाव घ्यायचे नाही, एवढाच नियम. आपल्या मोहल्ल्यात आणखी एक समजूत आहे: ज्या दारासमोर हाक दिली जाते, त्या घराने साथ द्यावी, अन्यथा पीडा तेथेच मुक्काम करते. मी या गावात चाळीस वर्षे राहिलो आणि एकदाही त्यात गेलो नाही. रस्त्यावर ओरडणे मला शोभत नाही असे माझे मत होते. तुझी आई दरवर्षी जात असे आणि घसा बसवून परत येत असे.

या वर्षी मी गेलो. धुतलेला सदरा, हातात पळसाची डहाळी, आणि खिशात आदल्या दिवशी तयार केलेला मजकूर. धनलालजींच्या फाटकासमोर मिरवणूक आली तेव्हा चंदाबाईंनी मला कोपराने ढोसले. मी कागद काढला, चष्मा लावला आणि शक्य तितक्या मोठ्याने वाचले: "वृक्षांना विषप्रयोग करण्याची प्रवृत्ती घेऊन जा गे नारबोद." हर्षा, सारी गल्ली माझ्याकडे वळली. मग मागून कोणी तरी विचारले, साहेब कोण्या ऑफिसचा कागद वाचून राहिले. आणि जो हशा पिकला, तो आपल्या गल्लीने कित्येक वर्षांत ऐकला नसेल. मी परत फिरणारच होतो. पण चंदाबाईंनी माझा कागद हातातून घेतला, घडी करून माझ्याच खिशात ठेवला, आणि आकाशाकडे तोंड करून हाक दिली, "झाडाले हिंग चारनारा हात घेऊन जाय गे नारबोद!" दीडशे माणसांनी ती उचलली. मीही उचलली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. "पाखरांच्या दान्यात जहर घेऊन जाय गे नारबोद!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले.

धनलालजींचे दार बंद होते. हाका चालूच राहिल्या. शेवटी कडी वाजली आणि रुक्माबाई बाहेर आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एकदा मागे घराकडे पाहिले, आणि सर्वांहून वरच्या पट्टीत ओरडल्या, "माह्या डब्यातला हिंग चोरनारी अक्कल घेऊन जाय गे नारबोद!"

त्यानंतर पुराव्याची आवश्यकता राहिली नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमारास धनलालजी फाटक उघडून आले. त्यांच्या हातात जुन्या राइस मिलमधील चार बारदाने होती. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. बुंध्यापाशी जाऊन शेण-मातीचा लेप त्यांनी बोटाने दाबून पाहिला, आणि तो पावसाने धुऊन जाईल म्हणून वर बारदान गुंडाळू लागले. मी दुसरे टोक धरले. गाठ मारताना ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साहेब, अकरा जागी अर्ज देले. एक मले देला असता तं?" ते बरोबर बोलत होते. आषाढापासून मी सर्व कार्यालयांच्या पायऱ्या चढलो, आणि माझ्या फाटकापासून बावीस पावलांवरच्या त्यांच्या फाटकाकडे एकदाही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी फीत घेऊन त्यांच्या छतावर गेलो. झाडाची उंची, सावलीचा कोन, छताची लांबी, सर्व मोजले. पाण्याची टाकी पूर्वेला होती आणि त्या चार प्लेटा पश्चिमेला. दोहोंची अदलाबदल केली तर सायंकाळी पाचपर्यंत एकाही प्लेटवर मोहाची सावली पडत नाही. एवढाच प्रश्न होता. मागील रविवारी टाकी हलली. रुक्माबाईंनी छताच्या कोपऱ्यात पाखरांसाठी परळ ठेवला आहे, आणि त्यातील तांदूळ त्या स्वतः निवडून घालतात. पतीला त्या परळाजवळ जाण्याची अद्याप परवानगी नाही.

आता जांभूळ. गेल्या जानेवारीत धनलालजींनी प्लेटा बसवण्यापूर्वी हद्द विचारली, तेव्हा ती मीच मोजून दिली. जांभूळ चौदा इंच त्यांच्या बाजूला निघाले. तुझ्या आईने ते तू जन्मलीस त्या वर्षी बी टाकून वाढवले होते, हे मला मोजताना ठाऊक होते. तरी मी नकाशा आखला, खाली सही केली आणि त्यांच्या हाती दिला. तिसऱ्या दिवशी करवत आली. आई खाटेला खिळलेली होती आणि तिची खिडकी त्याच झाडाकडे होती. तू मला हात जोडून म्हणालीस की बाबा, फाटकापर्यंत तरी जा, एक शब्द बोला. मी उत्तर दिले की झाड त्यांचे आहे, आपल्याला बोलण्याचा अधिकार नाही. आणि तिला पडते झाड दिसू नये म्हणून मी तिची खाट भिंतीकडे फिरवली. त्यानंतर ती सतरा दिवस होती. खाट पुन्हा फिरवण्याचे मला सुचले नाही. झाड नसलेली खिडकी तिने पाहू नये असे मी स्वतःला सांगत होतो. प्रत्यक्षात त्या खिडकीतून बाहेर पाहण्याचे धैर्य मला नव्हते. तेराव्यानंतर जाताना तू दारात म्हणालीस, "बाबा, नकाशा बरोबर होता. तुम्ही नाही."

नारबोदेच्या पहाटे शिवेवर डहाळ्या टाकून लोक परतले, तेव्हा मी एकटा मागे राहिलो आणि एक हाक दिली. ती कोणी ऐकली नाही, म्हणून तुला लिहितो. मी म्हटले, "माझा ताठा घेऊन जा गे नारबोद." तुझे वाक्य अचूक होते, हर्षा. मी चुकलो. हे दोन शब्द मी चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही कागदावर लिहिले नाहीत, आणि घरात कधी उच्चारले नाहीत. तुझ्या आईला ते ऐकवण्याचा अवधी मी घालवला. तुझ्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी हे पत्र आहे. बाकी सर्व वृत्तांत येथवर पोहोचण्यासाठी लागणारा धीर गोळा करण्याकरिता लिहिला. मला क्षमा कर, अथवा येऊन रागाव. दोन्हीसाठी घर उघडे आहे. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. कोणत्या गाडीने निघतेस ते कळव, मी गोंदिया स्टेशनवर वेळेआधी उभा असेन. आणि या खेपेस मी बोलेन. त्याचा सराव रोज संध्याकाळी भिंतीपाशी चालू आहे, आणि धनलालजींच्या मते माणूस सुधारण्यासारखा आहे.

तुझाच,
बाबा