तिसरी गोळी

उदगीर
६ ऑगस्ट २०२४

चि. नवनाथ यास अ. आ.

टिकलीचा रिपोर्ट काल हैदराबादच्या लॅबकडून आला. रक्तातलं औषध चोवीस निघालं. पंधरा ते पस्तीसच्या मध्ये असावं लागतं, म्हणजे चांगलं आहे. साठ मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, तशीच चालू ठेव. मधूनच एखादी फिट आली तरी घाबरून गोळी वाढवायची नाही. या औषधाने लिव्हर खराब होऊ शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. किती द्यायचं ते मी रक्त बघून ठरवीन.

पुढचं रक्त सकाळच्या गोळीआधी काढायचं. काळेवाडीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना सांग, लाल टोपणाची साधी नळी घ्या, जेलची नको. जेल औषध शोषून घेतं. वजन करून आकडा लिही. अंदाज नको.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून सॅम्पलच्या खोक्यात पत्र घालायची तुझी कल्पना बरी आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

अण्णांना नमस्कार. लोभ राहू दे आणि खोक्यात बर्फ जास्त घाल.

तुझी ताई
वर्षाली

•

काळेवाडी
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

गुराढोरांच्या डॉक्टरीणबाई, रक्त पाठवलं आहे. वजन अठरा किलो चारशे. तिला उचलून भंगारवाल्याच्या काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो आणि माझं वजा करतो. तो म्हणतो, दोघांना एकदम टाकायचं असेल तर सांगा.

पंधरा ऑगस्टला तिला मोठी फिट आली. कंपनीला सुट्टी होती, मी घरी होतो. अण्णा कॉटवरून उतरून फरशीवर बसले आणि दुपारभर तिचं डोकं मांडीवर घेऊन राहिले. पॅरालिसिस झाल्यापासून ते असे खाली बसले नव्हते. म्हणाले, गोळी वाढव. मी म्हणालो, ताई वाढवू देणार नाही. त्यानंतर फिट नाही, पण ती झोपते फार, आणि उठली की मागचे पाय लटपटतात.

आई गेल्यापासून अण्णा बोलतात ते तिच्याशीच. आईने उचलून आणलेली कुत्री. तिचं काही झालं तर त्यांचं काय होईल, हे मी मनात आणत नाही.

औषधाचा दुकानदार आता मला ओळखतो. अण्णांना फिटसाठी रात्री एक, हिला दोन, आणि गोळी तीच. दोन पट्ट्या पुढे ठेवून विचारतो, यातली म्हातारबाबांची कुठली अन् कुत्रीची कुठली. अण्णांना सांगितलं तर हसले.

मला या आठवड्यात थर्ड शिफ्ट आहे. ती दिवसा झोपते म्हणून मलाही झोप मिळते. आधी भुंकायची, आणि शेजारच्या चतुराबाई भिंत ठोकायच्या.

माया आहे तेवढी असू द्यावी, वाढली तर हरकत नाही.

तुझा
नवनाथ

•

उदगीर
२४ सप्टेंबर २०२४

चि. नवनाथ यास अ. आ.

या वेळी छत्तीस आलं. गोळ्या त्याच, वजन तेच. दोन गोळ्यांनी चोवीस होत असेल, तर छत्तीसला तीन लागतात. हे गणित चौथीतल्या मुलालाही येईल.

एकच दुसरी शक्यता आहे. लिव्हर बिघडलं असेल तर औषध बाहेर पडत नाही आणि आकडा चढतो. लिव्हरसाठी पुन्हा रक्त पाठव. पण तू पत्रात लिहिलं आहेस की ती झोपते म्हणून तुला झोप मिळते. मी ते दोनदा वाचलं. थर्ड शिफ्ट कठीण असते हे मला समजतं. म्हणून मुक्या जनावराला गुंगीत ठेवायचं नसतं.

खरं काय ते लिही. रागवायचं ते मी या पत्रात रागवून घेतलं आहे.

वर्षाली

•

काळेवाडी
२९ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

रक्त सोबत आहे. तुझं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. नेहमी दाखवतो, म्हणून दाखवलं. अर्ध्यावर थांबायला हवं होतं.

टिकलीची पट्टी मोजली. जेवढ्या संपायला हव्यात तेवढ्याच संपल्या आहेत. तिची गोळी मी ओट्यापाशी भाकरीच्या तुकड्यातून देतो. मी कामावर असलो तर चतुराबाई देतात. तिसरी कोणी दिलेली नाही. विश्वास ठेवायचा नसेल तर तसंही चालेल. कंपनीतही मी मोजून दिलेले पार्ट दुसरा माणूस पुन्हा मोजतो.

तू दर पत्रात टिकलीचं वजन मागतेस. अण्णांच्या गोळीचा कागद चार वर्षांपूर्वीचा आहे, तोच दाखवून मी गोळी आणतो. या आठवड्यात त्यांच्या डाव्या, चांगल्या हातातूनही दोनदा पेला पडला. तेही कळवतो. त्याला आकडा नाही.

त्यांनी चिठ्ठी लिहिली आहे. डाव्या हाताने लिहायला सगळी दुपार लागली. मी वाचलेली नाही.

नवनाथ

•

काळेवाडी

चि. सौ. वर्षालीस अ. उ. आ.

नवनाथ गोळी जास्त देत नाही. मी दिवसभर घरात असतो, मला दिसतं. त्याला बोलू नकोस.

मी तीस वर्षं कंपनीत पार्ट तपासले. मापात असलेला पार्टही कधी मशीनवर बसत नसे. तेव्हा कागद बाजूला ठेवून मशीनकडे बघावं लागे. तुझं चोवीस बरोबर असेल. पण ती पडली तेव्हा तू इथे नव्हतीस.

मला फिट यायच्या आधी जळक्या ऑइलचा वास येतो. मी बसून घेतो. तिला बसूनही घेता येत नाही. आता दीड महिना तिला आलेली नाही. तू डॉक्टर आहेस, तुला आनंद व्हायला हवा.

तू विचारलं नाहीस तरी लिहितो, मी बरा आहे. जावयांना आशीर्वाद. इकडे यायला जमलं तर ये, नाही जमलं तरी आमचा लोभ जागेवर आहे.

दौलतराव

•

उदगीर
७ ऑक्टोबर २०२४

नवनाथ,

लिव्हर चांगलं आहे. म्हणजे तिसरी गोळी तिच्या पोटात जाते आहे. ती कुठून जाते ते तू शोध. अण्णा तुझी बाजू घेणारच, ते नेहमीच घेतात.

वर्षाली

•

काळेवाडी
३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

दिवाळी केली नाही. चतुराबाईंनी फराळाचं ताट आणून दिलं, ते तसंच आहे.

तू तेराव्यापर्यंत होतीस तेव्हा हे बोललो नाही, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. अण्णांना दहा ऑक्टोबरला सकाळी फिट आली तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होतो. मोबाईल गेटवर जमा. निरोप पोचेपर्यंत चतुराबाईंनी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. एक फिट थांबते न थांबते तोवर दुसरी येत होती. इंजेक्शनसाठी डॉक्टरांनी पेशंटचं वजन विचारलं. ताई, माझ्या तोंडून निघालं, अठरा किलो चारशे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच अंदाज केला. अण्णांचं वजन मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते गेले, ते तू पाहिलंस. त्यांचं रक्त बाहेरच्या लॅबला गेलं होतं. तो कागद काल मिळाला. गोळीचं औषध त्यांच्या रक्तात अजिबात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना तरी घेतलेलं दिसत नाही. मी म्हणालो, पट्टी तर दर महिन्याला वेळेवर संपत होती.

तुम्ही सगळे गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा लक्षात आलं. रात्री नऊ वाजले की टिकली अण्णांच्या कॉटपाशी जाऊन बसते आणि तोंड उघडते. मी तिला तिथे कधी काही दिलेलं नाही. उशीखाली गुळाचे खडे सापडले. मुंग्या लागल्या होत्या.

पट्टीत अकरा गोळ्या उरल्या आहेत. त्यांचं काय करू ते लिही.

मला तुझ्यावर रागवायचं होतं. पण पत्र मीच त्यांना वाचून दाखवत होतो, आणि गोळीही मीच त्यांच्या हातात देऊन निघून जात होतो.

नवनाथ

•

उदगीर
९ नोव्हेंबर २०२४

चि. नवनाथ यास अ. आ.

पत्र तीन दिवस टेबलावर होतं.

तेरा दिवसांत टिकलीला तीनदा फिट आली. मी म्हणाले, घरात माणसं फार झाली म्हणून. त्याआधी आठ आठवडे एकही नव्हती. अण्णांची गोळी मिळत होती तोवर नव्हती, ती थांबली तशी आली. पंधरा ते पस्तीस हा आकडा पुष्कळ कुत्र्यांवरून काढलेला आहे. हिचा छत्तीस आहे. लिव्हर ठीक असल्याचं मीच तुला कळवलं होतं, आणि त्यानंतर तुला विचारलं ते एवढंच, की चोर कोण. माप अण्णांचं बरोबर होतं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

तिला तिसरी गोळी सुरू कर. रात्री नऊ वाजता, त्यांच्या कॉटपाशी, गुळातून. ओट्यापाशी नको. त्या अकरा आधी संपव. पाय लटपटतील, ते हळूहळू कमी होतं. तीन आठवड्यांनी रक्त पाठव, लाल टोपणाच्या नळीत. लिव्हरचं दर तीन महिन्यांनी बघू.

तुझ्यावर जो आळ घेतला तो कागदावर आहे, मागे घेता येत नाही. ते पत्र फाडू नकोस.

अण्णांचं वजन मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं असतं तर माझ्याही तोंडून तेच निघालं असतं, अठरा किलो चारशे.

काट्यावर तू टिकलीला घेऊन उभा राहतोस आणि स्वतःचं वजन वजा करतोस. तो आकडा तू कधी लिहिला नाहीस आणि मी कधी मागितला नाही. या खेपेला लिही.

तुझी ताई
वर्षाली