माझं ‘बाद’ आणि त्यांचं ‘बेआद’

रामला, १९९७

तीर्थरूप आबाजीमामांच्या सेवेसी,
भाचा शिमोनचा साष्टांग शालोम.

आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे रोझी खुशाल आहे आणि मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या खातो आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? पनवेलला पाणी येतं का? फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात येईल. मामा, ‘फोन’ हा शब्द सध्या या घरात उच्चारायचा नाही, असा रोझीचा हुकूम आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, भिंतीवर बसवायच्या टेलिफोन-सॉकेटचा माझा कारखाना आहे (कारखाना म्हणजे चार मशिनं आणि एक पंखा). माझं सॉकेट रुंद, दणकट. त्यात प्लग एकदा बसला की सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा उठायचं नाव घेत नाही. आता आयात करणाऱ्यांना सगळीकडे तो टिचकीने बसणारा इवलासा अमेरिकन प्लग हवा आहे. तसं झालं की माझे साचे भंगारात. तुम्ही विचाराल, सरकार काय करतं? सरकार शिक्का मारतं. कुठलं सॉकेट प्रमाण मानायचं, हे आम्ही धंदेवाल्यांनी संघटनेत भांडून ठरवायचं आणि सरकारने ते स्वतःलाच सुचल्याच्या थाटात जाहीर करायचं. म्हणजे लोण्याचा भाव मांजरांनीच ठरवायचा, आणि त्यातलं अशक्त मांजर मी.

अमेरिकन प्लगच प्रमाण मानावा, या ठरावासाठी संघटनेची सभा तेल अवीवला होती. सोबत वायरवाला रफाएल, माझा शेजारी आणि जुना दोस्त (त्याच्या जाड वायरी माझ्याच सॉकेटात बसतात). त्याने आगगाडीत मला पढवलं की विरोध म्हणजे ‘नेगेद’, पाठिंबा म्हणजे ‘बेआद’, तू ‘नेगेद’ म्हणून खाली बस. जसा काही मी काल बोटीतून उतरलो.

सभेचं काय सांगू? इथे दुसऱ्याचं ऐकून घेणं हा अपमान समजतात. हात वर करून मतं मोजता येत नाहीत, कारण बोलताना सगळ्यांचे हात वरच असतात. म्हणून एकेकाने तोंडी मत द्यायचं ठरलं. माझी पाळी शेवटी, आणि तोवर दोन्ही बाजू समसमान. तेवढ्यात अध्यक्ष झेएवने (हाही आयातवाला, नावाचा अर्थ लांडगा, आणि आईबापांनी विचार करूनच ठेवलंय) माझं सॉकेट उंच धरून म्हटलं की ही वस्तू म्युझियममध्ये शोभेल. माझं डोकं फिरलं. माणूस धंदा हिब्रूत करतो, पण चिडतो आईच्या भाषेत. मी उभा राहून ओरडलो, “बाद! साफ बाद! हा ठरावच बाद!”

झेएवने टेबलावर हात आपटून जाहीर केलं, शिमोन तीनदा ‘बेआद’ म्हणाला, ठराव मंजूर. वर मला मिठी मारून फोटोही काढून घेतला. मराठीत याचा अर्थ उलटा होतो, हे मी घसा फोडून सांगितलं; तर म्हणतात, सभा हिब्रूत होती, मतही हिब्रूतच मोजणार.

परतताना रफाएल दुसऱ्या डब्यात बसला. तेव्हापासून बोलत नाही, आणि आयातवाल्यांनी मला फोडलं असं गल्लीभर सांगतो. साच्यांचं मी काहीतरी करीन, मामा. पण शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला टेबलापाशी त्याची खुर्ची रिकामी असते, तिचं काय करू?

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
शिमोन

ता. क. : मुद्दा राहिलाच. तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत. शाळेच्या कागदावर लिहून द्या की ‘बाद’ म्हणजे रद्द. क्रिकेटचा दाखला देऊ नका, इथे कुणाला कळत नाही.

आणखी एक : पुढच्या सभेत ठराव येतोय की शिमोनचं मत रद्द करावं. म्हणजे ‘बेआद’ म्हटलं तरी रद्द, ‘बाद’ म्हटलं तरी रद्द. दोन्ही भाषा प्रथमच माझ्या बाजूने आहेत.

पाकीट चिकटवता चिकटवता : झेएवने शब्द फिरवले. आता ठराव आहे की शिमोनचं मत कायम ठेवावं. म्हणजे पुन्हा ‘नेगेद’ आलंच. पण आत्ताच रफाएल दारात येऊन गेला, तोंड फुगवूनच. म्हणाला, सभेत तो माझ्या शेजारी बसणार, मी तोंड उघडलं की त्यात बुरेकास (इथला समोसाच म्हणा) कोंबणार आणि माझ्या वतीने ‘नेगेद’ तोच म्हणणार. जाता जाता शुक्रवारी जेवायला काय आहे तेही रोझीला विचारून गेला. दाखला सावकाश पाठवलात तरी चालेल.