हरणाच्या मागे काय आहे

३ नोव्हें., रवि.
पुन्हा डेल यांच्या शेतावर. बंदुकीने डबे उडवताना माझ्या इराचा हात स्थिर. हरणाचं पुठ्ठ्याचं चित्र उभं केलं की थरथर सुरू. "सगळ्यांचं होतं, ममा," डेल म्हणाले. सत्तरीचा माणूस, मला ममा म्हणतो!
मी तिला श्वास रोखायला लावला, प्राणायामात रोखतो तसा. पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डेल म्हणे, श्वास सोडायचा, संपला की चाप. नाही जमलं तर बंदूक खाली, पहिल्यापासून. आणि त्याआधी हरणाच्या मागे काय आहे ते बघायचं, गोळी पार पुढे जाते. हे तीनदा सांगितलं.

६ नोव्हें., बुध.
लायब्ररीतून शिकारीचं पुस्तक आणलंय. शब्दकोश शेजारी घेऊन वाचते. हे असते तर म्हणाले असते, मटणाच्या दुकानात तोंड फिरवणारी तू!
१६ला यांना जाऊन वर्ष होईल. डेल यांच्या कुंपणाबाहेरचं वळण, गाडीपुढे आलेलं हरीण, ओकचं झाड. नेमका त्याच दिवशी बंदुकीने शिकारीचा हंगाम सुरू होतोय. इरा म्हणते योगायोग.

९ नोव्हें., शनि.
उपाय सापडला. बेचा पाढा. यांनीच तिला शिकवलेला, गाडीत. तो पुटपुटत श्वास सोडायचा. दहापैकी दहा गोळ्या मधोमध.
डेल खूश नाहीत. "थरथर एवढी पटकन गेली की मला काळजी वाटते."

१३ नोव्हें., बुध.
इराने मचाण हलवलं, डेल यांना न विचारता. मी चढले (गुडघे!). समोर कुंपण, पलीकडे तो रस्ता. तेच वळण. शाळेची बस गेली.
"इथून का गं?"
"हरणं इथूनच क्रॉस करतात, आई."
"मागे रस्ता आहे."
"आय नो."
आवाज अगदी शांत. ते मीच शिकवलं.

१५ नोव्हें., शुक्र.
डेल यांनी मचाण परत जागेवर नेलं. इराला बजावलं, उद्या आई शेजारी बसेल, नाहीतर माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही. "येस सर."
जेवताना म्हणाली, "तू हरणाला 'पळ रे बाबा' म्हणशील."
"म्हणेनच."
दोघी हसलो. किती महिन्यांनी.

१६ नोव्हें., शनि., सकाळी ६.५०
पाचचा गजर वाजला नाही. बंद केलेला होता. साडेपाचला उठले तर इराची गाडी नाही. शिकाऱ्याने लांबून दिसावं म्हणून घालायचं तिचं नारिंगी जॅकेट खुर्चीवर तसंच. फोन उचलत नाही.
डेल यांना फोन केला. मचाण रिकामं. ते झाडीत शोधतायत. म्हणाले, तू वळणावर जा, गाड्या थांबव.
ओकपाशी गाडी लावलीय, दिवे लुकलुकत ठेवून. तिचं जॅकेट मी घातलंय. अजून एकही गाडी नाही. वही मांडीवर घेतली, हाताला काहीतरी हवं म्हणून.
उजाडतंय. पाढा म्हणून बघितला. बे चोकच्या पुढे जात नाही.
कुंपणापाशी एक हरीण येऊन उभं राहिलंय. माझ्याकडे पाठ. झाडीकडे बघतंय, कान उभे.
म्हणजे ती तिथे आहे. आणि हरणाच्या मागे मी.
मी दिसायला हवी तिला. उतरते.