दोन बेटं आणि घरची सून

बापू, लातूरच्या ज्या मेसमध्ये मी भाजी करतो, तिथली दुपारची पंगत आता उठली आहे. क्लासची पोरं जेवून गेली, आणि मी पिठाच्या डब्यावर कागद ठेवून तुम्हाला लिहितो आहे. उद्या एजंटला एक नाव सांगायचं आहे, मालदीव किंवा मॉरिशस. दोन्ही देश समुद्रातले, आपल्या जिल्ह्याहूनही लहान, आणि दोन्हीकडच्या हॉटेलांना स्वयंपाकी हवा आहे. सही केली की दोन वर्षं परत येता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. पुढं दहावीनंतर शाळा सुटली, तरी कुठलंही काम नीट मांडून बघायची सवय सुटली नाही. कागदावर मधोमध रेघ मारली. पगार मालदीवचा जास्त, राहणं-खाणंही फुकट; पण हॉटेल म्हणजेच अख्खं बेट, दवाखान्याला जायचं तरी बोट लागते. मॉरिशसला पगार कमी. पण बाजार आहे, बस आहे, सुटीच्या दिवशी पायी हिंडता येतं. दोन्हीकडं आपल्या भागातला एकेक जण आहे. त्यांना फोन केला, तर दोघंही म्हणाले, "बिनधास्त ये." मला जास्तच धास्ती बसली.

मग आक्काचं स्थळ बघायला गेलो होतो ते आठवलं. कंधारकडचं घर. स्लॅब, ट्रॅक्टर, कपबशीतून चहा. तुम्ही हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जाता, मी तुमच्या मागं. तिथं थोरली सून भांडी घासते आहे. तुम्ही विचारता, "माय, उन्हाळ्यात पाण्याचं कसं हाय?" ती आधी सासूकडं बघते, मग म्हणते, "समदं चांगलं हाय." तुम्ही ते स्थळ सोडलंत. दुसऱ्या गावी पत्र्याचं घर होतं. तिथली सून पदर खोचून म्हणाली, "लई हाल हायत काका, दोन घागरींसाठी पहाट जाती." तिथं तुम्ही सुपारी फोडलीत. मामा हसला होता, "दाजी, आचारी माणूस तुम्ही, अन् भाजी अळणी हाय म्हणणाऱ्या घरी पोरगी देता व्हय?" तुम्ही म्हणालात, "अळणी हाय असं जिथं बोलता येतं, तिथं मीठ मागता बी येतं." आक्का आज त्याच घरात आहे. पाण्यासाठी भांडते आणि सुखात आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात दोन सुट्या काढल्या. आधी नायगावला गेलो, मालदीववाल्याच्या घरी. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी विचारलं, "वहिनी, दादा तिथं कसे राहतात?" ती म्हणाली, "रोज फोन येतो. समुद्र दाखवतेत, झाडं दाखवतेत. खोली दाखवा म्हटलं की रेंज जाती." मग हसली आणि लगेच कपबशी उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी उदगीर. मॉरिशसवाल्याची बायको तर मी विचारायच्या आतच सुरू झाली. "भाऊजी, भिंतीला ओल हाय, वादळ आलं की दोन-दोन दिवस कोंडून बसतेत, अन् एका खोलीत चौघं. त्यातला एक लई घोरतो, मला फोनवर ऐकवलं की!" सांगताना ती पोट धरून हसत होती. परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत माझं ठरलं होतं.

बापू, उद्या मी मॉरिशस सांगणार. तुम्ही असता तर हेच केलं असतं, एवढं मला कळतं. हा कागद कुठं टाकायचा नाही, घडी करून खिशातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. दोन गावं हिंडून दोन परक्या बायकांना विचारलं. आपल्या घरात जी एकटी मागं राहणार आहे, तिला अजून काहीच विचारलं नाही. विचारलं तर आई माझ्याकडं बघेल आणि म्हणेल, "समदं चांगलं हाय." त्याचीच भीती वाटते.