शेराच्या कुंपणातली वाट

बा, आपल्या धम्मात आत्मा मानलेला नाही, त्यामुळे हे लिहिलेले तुझ्यापर्यंत पोचेल असे मी धरून चाललेले नाही. उतारवयाची इतकी वर्षे पाली सुत्ते वाचण्यात घालवल्यावर त्या बाबतीत स्वतःची खोटी समजूत घालणे मला शोभणार नाही. तरीही लिहिते आहे, कारण सांगायची गोष्ट तुझ्या विहिरीची आहे आणि तिच्याविषयी ज्याच्याशी बोलावे असे माणूस आता घरात उरलेले नाही. तोंडाने तुला नेहमी 'तू' म्हणत आले, म्हणून कागदावर 'आपण' लिहून तुला परके करत नाही. शाळेत मुलांना संस्कृत शिकवून निवृत्त झालेली तुझी मुलगी शहापुरात मुलाकडे राहते, सकाळी वंदना घेते, पौर्णिमेला विहारात जाते आणि गेले काही महिने संगणकावरच्या एका खेळासाठी चित्रे काढते. यातली शेवटची गोष्ट तुला समजावून सांगावी लागेल.

माझी नात, म्हणजे तुझी खापरपणती नव्हे, पणतीच, ठाण्याला एका कचेरीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी हा खेळ खेळते. खेळ परदेशी आहे. त्यात एक गाव असते. खेळणाऱ्याने तिथे राहून शेती करायची, पिकाला पाणी घालायचे, आलेला माल विकायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचे. गाव मात्र त्यांच्याकडचे, लाकडी घरांचे आणि बर्फाचे. हौशी लोकांना त्यात स्वतःची चित्रे घालता येतात. मूळचे चित्र काढून त्या जागी आपले ठेवले की खेळ मुकाट्याने आपले चित्र वापरू लागतो. नातीने ठरवले की खर्डीजवळची आपली वस्ती, वरचे गाव आणि मधली भातखाचरे तिथे उभी करायची, आणि ज्याला हवी त्याला ती इंटरनेटवरून फुकट घेऊ द्यायची. "आजी, मी त्यातलं काही बघितलंच नाही," ती म्हणाली. "मी जायला लागले तोवर सगळीकडे स्लॅब पडले होते. तू सांग, मी काढते." मी सांगत गेले. पावसात डोक्यावर घ्यायचे इरले तिने काढले, ते पाहून मी म्हटले, "हे इरले नव्हे, कासव आहे." तेव्हा तिने संगणक माझ्याकडे वळवला. "मग मॅडम, तुम्हीच काढा."

अशा एका चित्राला ती स्प्राइट म्हणते. लहानसा चौकोन, त्यात बारीक घरांच्या ओळी, आणि एका घरात एकच रंग. एवढ्या जागेत विळा विळ्यासारखा दिसला पाहिजे आणि कोयता कोयत्यासारखा. मोहाचे फूल तीन रंगांत बसवावे लागते. सगळ्या चित्रांत उजेड डावीकडून, वरून यावा लागतो. तसा न आल्यास शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी एक सकाळची आणि एक संध्याकाळची दिसते. मी पहिल्यांदा तांब्या काढला आणि त्याच्या भोवतालची रिकामी घरे पांढरी रंगवली. खेळात ठेवल्यावर तो पांढऱ्या पाटीवर चिकटवल्यासारखा दिसू लागला. नात हसून लोळायची बाकी राहिली. "आजी, पांढरं म्हणजे रिकामं नाही गं. रिकामं म्हणजे काहीच नाही. मागचं आरपार दिसलं पाहिजे." शून्यतेवर मी विहारात प्रवचन दिलेले आहे. त्या दिवशी हे वाक्य हाताशी असते तर प्रवचन अर्ध्या वेळात संपले असते आणि मंडळी जेवायला वेळेवर गेली असती.

या कामात एक मोठा भेद पाळावा लागतो, तो वस्तू आणि देखावा यांचा. वस्तू उचलता येते, कोणाला देता येते, विकता येते. देखावा जागचा हलत नाही, आणि बहुधा त्याच्यावरून चालताही येत नाही. विळा, हंडा, भाताची पेंढी या वस्तू. सागाचे झाड, कारवीचा कूड, रेल्वेचे फाटक हा देखावा. विहारातली बुद्धमूर्ती नातीने प्रथम वस्तूंत टाकली होती, कारण आकाराने ती लहान. वस्तू असल्याने काय होईल, असे मी विचारले. ती म्हणाली, "कोणीही उचलेल, विक्रीच्या पेटीत टाकेल, सकाळी पैसे मिळतील." मूर्ती मी लगेच देखाव्यात हलवून घेतली. मूर्ती म्हणजे तथागत नव्हेत हे मला ठाऊक आहे, मग ती पाषाणाची असो की रंगीत घरांची. पण वंदनेत वाकते तेव्हा माझ्यासमोर काहीतरी असतेच, आणि ते पेटीत जाऊ नये.

विहीर मी सगळ्यात शेवटी काढली. रुळांवरच्या गँगमधली तुझी पाळी संपली की वस्तीतले तुम्ही चार-पाच जण दिवस मावळेपर्यंत ती खणत होता, धम्म घेतल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. त्याआधी आईने वरच्या गावच्या विहिरीशी, काठापासून लांब, कोणीतरी येऊन आपल्या मडक्यात वरून पाणी ओतेल म्हणून किती वेळा वाट पाहिली असेल ते तिलाच ठाऊक. आपली विहीर लहान, पण तिचा दोर आपला होता. कठड्याचे दगड मी राखाडी रंगाच्या चार छटांत बसवले, पोहरा काढला, आणि गुरे आत येऊ नयेत म्हणून तुम्ही भोवती लावलेले शेराचे कुंपणही काढले. शेराला पाने जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या कांड्या; त्या काढायला सोप्या. आत शिरायची वाट वस्तीच्या बाजूला ठेवली, जशी होती तशी. चित्र चांगले उतरले. नातीने ते खेळात बसवले आणि पुढच्या रविवारी सगळे लोकांसाठी खुले करायचे ठरवले.

त्याआधी खेळून चुका शोधायला तिने ते टोकावड्याच्या एका मैत्रिणीकडे पाठवले होते. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीचा फोन आला. नात फोन मोठ्या आवाजात लावते, त्यामुळे मलाही ऐकू आले. "अगं, तुझी ती हिरव्या साडीवाली बिघडलीय. सकाळपासून कुंपणाच्या बाहेर हंडा घेऊन उभी हाय. संध्याकाळ झाली तरी हलत नाय. तिला चहा तरी पाज!" खेळातल्या प्रत्येक रहिवाशाला नातीने दिवसभराचा रस्ता आखून दिलेला असतो. वरच्या गावातल्या या बाईने सकाळी वस्तीतल्या आपल्या विहिरीवर येऊन हंडा भरायचा होता. नातीने नकाशा तपासला. "आजी, तुझं कुंपण चारी बाजूंनी आहे. वाट एकच, ती पण वस्तीकडून, आणि ही आखलेला रस्ता सोडून वळसा घालत नाही. वरच्या गावातून येणाऱ्या बाईने आत शिरायचं कुठून?" मी पडद्याकडे पाहिले. ती बाई शेरापाशी उभी होती, हंडा कमरेवर, तोंड विहिरीकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी आधीचे कुंपण चितारले आहे, तू ते तोडण्याच्या आधीचे.

त्या वर्षी वरच्या गावची विहीर आटली आहे. बाया हंडे घेऊन आपल्या कुंपणाशी येऊन थांबल्या आहेत, कोणी आत येत नाही, कोणी बोलत नाही. मी काठाशी आहे, परकर नुकताच नेसू लागलेली. पुढे उभी असलेली बाई म्हणते, "पोरी, घोटभर दे गो." दुसऱ्या आळीतल्या माणसाला पाणी कसे देतात ते मी जन्मल्यापासून पाहत आले आहे, दुसरी कोणती रीत असते याची मला कल्पनाच नाही. मी कळशी उचलते, कुंपणाजवळच्या दगडावर चढते आणि तिला सांगते, "खाली बस. ओंजळ धर. लांबून हां, शिवू नको." मागून आपल्या बाया खदखदून हसतात. "शाबास गो! बराबर शिकलीय पोर!" समोरची बाई बसत नाही. तिची मान मात्र खाली जाते. इतक्यात तू येतोस, पाळीवरून थेट, अंगाला खडीची धूळ.

"हात खाली घे," तू म्हणालास.

"बा, असंच देत्यात ना पानी?"

"देत्यात. आपुन नाय."

आई पोहरा टाकून पुढे आली. "का म्हनून नाय? आमी उभ्या ऱ्हायलो तवा कोनी दोर दिला व्हता आमाला?"

"कोनी नाय दिला. म्हनून तर ठावं हाय, उभं ऱ्हानं काय असतं."

मग तू घरातून कोयता आणलास आणि वरच्या गावाच्या बाजूचा शेर तोडू लागलास. शेर तोडताना तोंड फिरवून घ्यावे लागते हे तुला माहीत होते, पण रागात कसले ध्यान राहते? चीक उडून तुझ्या डोळ्यांत गेला. तशाच मिटल्या डोळ्यांनी तू दोर चाचपून हातात घेतलास आणि म्हणालास, "या बाय. सोता काडा." आपल्या हातांनी ओला झालेला तो दोर. बाईने मागे वळून आपल्या सोबतिणींकडे पाहिले. त्या कुठे दुसरीकडेच पाहत होत्या. मग तिने दोर धरला. तुझे डोळे पुढे कितीतरी दिवस सुजलेले राहिले, कामावर जाता येईना, आणि आई ते धुताना रोज एकच बोलायची, "गावाला वाट करून दिली, नि सोताला बाहेरची वाट दिसंना!" तूही हसायचास.

हे सगळे मी नातीला सांगितले. तिने नकाशा पुन्हा उघडला. नंतर म्हणाली, "दोन गोष्टी करता येतील. तोडलेल्या कुंपणाचं एक छोटं चित्र काढ, मी ती जागा चालण्याजोगी करते. नाहीतर राहू दे तिला तशीच उभी. खेळणाऱ्यांना कळू दे की आपण कसे उभे होतो. विहीर तुझ्या बाची आहे, तू ठरव." मी म्हटले, ठरवायचे काय त्यात, वाट हवीच. पण चित्र कठीण आहे, थोडे दिवस लागतील.

त्यानंतर मी रोज सकाळी वंदना आणि मैत्रीभावनेचा पाठ संपवून संगणक उघडत असे. सर्व प्राणी सुखी होवोत असे म्हणून उठायचे आणि त्या बाईला उभी पाहायचे. तिचा चेहरा म्हणजे पाच-सहा घरे, त्यांत दुःख दिसण्याइतकी जागाही नाही. तिच्याभोवती दिवस मावळायचा आणि पुन्हा उगवायचा. मला बरे वाटत होते, बा. राग नव्हता, एखाद्या उसवलेल्या जागी टाका बसावा तसे काहीसे होते. तू सांगितलेले मी आयुष्यभर मुलांना सांगितले, विहारात सांगितले, आणि ते खरे मानूनच सांगितले. त्याच्या खाली हे होते, हे मला माहीत नव्हते.

शनिवारी मी खेळातल्या माणसाला तिच्यापर्यंत चालवत नेले आणि बोलण्याची कळ दाबली. नातीने तिला एक वाक्य लिहून दिले होते, भेटेल त्याला म्हणायचे. तिच्या डोक्यावर अक्षरे उमटली, "आज ऊन फार आहे, नाही?" एवढेच. मी संगणक मिटला, थोड्या वेळाने पुन्हा उघडला आणि नातीला हाक मारली. तुटलेल्या कुंपणाचे चित्र तिच्या हवाली केले. तिने ते बसवले आणि खेळातली सकाळ सुरू केली. बाई आली, तोडलेल्या शेरामधून आत गेली, हंडा भरून परतली. वाटेत कोणी तिला अडवले नाही, आणि तिने कोणाकडे पाहिले नाही. रविवारी नातीने ठरल्याप्रमाणे सगळे खुले केले. आता कुठली कुठली माणसे तुझ्या विहिरीचे पाणी आपल्या पिकांना घालतात.

हे मी कोणाला पाठवणार नाही, नातीलाही दाखवणार नाही. ती चित्र मोठे करून पाहत होती. कापलेल्या कांड्या, त्यांच्या टोकाला चीक. "मस्त झालंय गं," ती म्हणाली. "पण एवढे दिवस काय कठीण होतं यात?" मी म्हटले, चीक. चीक म्हणजे पांढऱ्या रंगाची तीन घरे, बा. टोकावड्याहून फोन आला त्याच दुपारी बाकीचे चित्र पुरे करून मी तीही भरून ठेवली होती.