मांगूर माशाचा एक गुण

करडी, तालुका मोहाडी
दि. ११ फेब्रुवारी १९८२

तीर्थरूप खुशालभाऊजी यांच्या पायांशी करडीहून टिकारामचा हात जोडून नमस्कार.

आपला खोकला आता बसला असेल असे समजतो. ताईच्या गुडघ्याचे काय ते खरे कळवावे. मागच्या पत्रात नुसते ‘ठीक’ असे होते, आणि ताई स्वतःच्या गुडघ्याला कधी ठीक म्हणाल्याचे मला आठवत नाही, तेव्हा ते आपण परस्पर लिहिले असावे. इकडे कौशल्या आणि घरची सगळी मंडळी खुशाल आहेत. धान घरात आले, मोकळ्या झालेल्या बांधीत लाखोरीच्या डाळीचे पीक बरे आहे. मीही प्रकृतीने बरा आहे. बाकी बाबतीत बरा नाही, आणि तेच लिहायला बसलो आहे.

वरठीला स्टेशनाबाहेरच्या हॉटेलामागे जो टिनाचा मांडव आहे (मागे आपण तिथे भजी खाल्ली आणि नंतर दोन दिवस पस्तावलात), तिथे दिवाळीपासून दर रविवारी संध्याकाळी सामान्यज्ञानाचे साखळी सामने होतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. चार संघ आहेत. वरठीचा कारखान्यातल्या कामगारांचा, तुमसरचा राइस मिलवाल्यांचा, करडीच्या शेतकऱ्यांचा, आणि आमच्या तळ्यावरच्या मच्छीमार सोसायटीचा. प्रश्न विचारायला मी. मला कोणी निवडले नाही. हजार प्रश्नांची ती पुस्तिका आपण नागपूरहून मला दिली होती आणि ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती, एवढ्यावरून मी प्रश्नकर्ता झालो. पहिल्याच दिवशी मी दोन नियम वाचून दाखवले. एक, प्रश्नकर्त्याचा निर्णय अखेरचा. दोन, पुस्तिका कोणालाही पाहायला मिळणार नाही. भाऊजी, पंधरा वर्षे चौथीचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला मोठ्या माणसांनी निमूटपणे ऐकून घेण्याचे किती समाधान असते ते मी आपल्याला काय सांगावे.

३१ जानेवारीला अखेरचा सामना होता, तुमसर आणि सोसायटी यांच्यात. जिंकणाऱ्याला रेडिओ. तुमसरच्या संघाचे पुढारी भय्याजी. त्यांच्या घरी तीन रेडिओ आहेत, पण चौथा नको असे ते म्हणाले नव्हते. सोसायटीचा पुढारी मंगरू. चाळिशीचा, कमी बोलणारा आणि बोलला की मागे न हटणारा माणूस. त्याची पोरगी शकुन माझ्याच वर्गात आहे. सोसायटीच्या लोकांना रेडिओ खरोखर हवा होता. जाळी विणताना बातम्या ऐकू म्हणत होते, आणि तो ठेवायला त्यांनी सोसायटीच्या खोलीत भिंतीत फळीसुद्धा ठोकून ठेवली होती. गुण सारखे झाले आणि शेवटचा प्रश्न मंगरूच्या वाट्याला आला. क्रमांक चारशे बारा. मासा पाण्याबाहेर काढल्यावर किती वेळ जिवंत राहतो?

मांडवात लोक हसले. सोसायटीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. ढिवराला माशाबद्दल विचारले म्हणजे रेडिओ फळीवर गेलाच असे सगळ्यांना वाटले. मलाही तसेच वाटले आणि मला, खोटे कशाला बोलू, बरेच वाटले.

मंगरू म्हणाला, “कोनता मासा, गुरुजी?”

मी म्हणालो, “कोणताही.”

“मंग हा प्रश्नच होत नाही. रोहू असन तर लवकर मरते. मांगूर असन तर सकाळी काढा, ओल्या पोत्यात ठेवा, सांजेलोक जित्ता राह्यते.”

मी त्याला एकच उत्तर देण्यास सांगितले. तो म्हणाला, एक नाही. मी म्हणालो, एकच आहे, आणि पुस्तिका छातीशी धरून जाहीर केले की उत्तर चूक. (पुस्तिका छातीशी का धरली असे मला नंतर कौशल्याने विचारले. ती त्या दिवशी मांडवात होती.) मग प्रश्न तुमसरकडे गेला. भय्याजी शुद्ध शाकाहारी आहेत, माशाला त्यांनी आयुष्यात लांबूनच पाहिले आहे. ते म्हणाले, “असतील दोन-तीन मिनिटं.” छापील उत्तर दोन ते तीन मिनिटे असेच असल्याचे मी सांगितले. तुमसरला एक गुण, आणि रेडिओ. मागून कोणीतरी म्हटले की ढिवराले मासाच नाही समजला. सगळा मांडव हसला. मंगरू हसला नाही. त्याने चप्पल शोधली, सोबतच्यांना घेतले आणि चहा न घेता निघून गेला. त्याचा चहा टेबलावर तसाच होता.

सोमवारी शकुन शाळेत आली नाही. मी वर्गाला ते उत्तर तीनदा म्हणायला लावले (निर्णय पक्का असावा म्हणून). मंगळवारीही शकुन आली नाही, तेव्हा शाळा सुटल्यावर मी तळ्याकडे गेलो. मंगरूची बायको रेवताबाई दारात जाळे दुरुस्त करत बसली होती. शकुन शेजारी बसून तिला सूत सोडवून देत होती. मला पाहून पोरगी उठून उभी राहिली, मग आईकडे पाहून खाली बसली. रेवताबाईने बसायला चटई टाकली, पाणी दिले, सगळे रीतीप्रमाणे केले. मग म्हणाली, “गुरुजी, तुमच्यावर राग नाही. पन तिचा बाप म्हनते का तिथं जे शिकवतेत ते घरी येऊन भुलावं लागते. मंग पोरीले दोनदा मेहनत कायले?”

भाऊजी, मी पाणी पिऊन उठलो. हुशार पोरगी आहे. भागाकार तिला एकदा सांगितला की पुरतो. घरी येताना मी ठरवले की मंगरूला नीट समजावून सांगावे, आणि काय समजावून सांगावे हे ठरेना.

बुधवारी प्रार्थना आटोपते न आटोपते तोच मंगरू शाळेत आला. हातात ओले पोते. वर्गात येऊन त्याने माझ्या टेबलावरची हजेरी बाजूला सरकवली, पोते ठेवले आणि उघडले. आत हातभर लांब, काळसर, मिशांचा एक मांगूर. “सूर्य निघाच्या वेळेले काढलो,” मंगरू म्हणाला. “आता तुमच्या घड्याळीत पाहा. मी बाहेर बसतो.” आणि तो खरोखरच व्हरांड्यात खांबाला टेकून बसला. अधूनमधून आत येऊन पोत्यावर तांब्याने पाणी शिंपडायचा आणि परत जायचा.

त्या दिवशी मी काय शिकवले ते मला सांगता येणार नाही. सदतीस मुले माशाकडे पाहत होती आणि मी घड्याळाकडे. अकरा वाजले. साडेअकरा झाले. मासा गप्प पडायचा, तेव्हा मला वाटायचे की संपला, आणि माझ्या मनाला जे वाटायचे त्याची हे लिहिताना लाज वाटते. मग त्याची मिशी हलायची आणि मुले एकदम श्वास सोडायची. एका जिवाच्या मरणाची वाट पाहत, हातात खडू घेऊन उभे राहण्याची पाळी माझ्यावर यावी, आणि तीही स्वतःच्या शब्दासाठी.

बारा वाजता फटफटीचा आवाज आला. विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले होते. न कळवता येण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत, पण आमच्याकडे तीन वर्षांत आले नव्हते. आत येऊन त्यांनी टेबलाकडे पाहिले. हे काय म्हणून विचारले. मी म्हणालो, परिसर अभ्यास. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. खेड्यातल्या शाळेत प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवणारा शिक्षक त्यांना फार दिवसांनी भेटला, असे ते म्हणाले. मी हात जोडले. तेवढ्यावर ते गेले असते तर हे पत्र इथे संपले असते. पण साहेब वर्गाकडे वळले आणि विचारते झाले की मुलांनो, सांगा बरे, मासा पाण्याबाहेर किती वेळ जिवंत राहतो.

छत्तीस मुलांनी एका सुरात सांगितले, “दोन ते तीन मिनिटे.” (सदतिसावा मंगळवारीच नाव घातलेला नवा मुलगा होता, तो म्हणाला, “हा सकाळपासून हाय.”)

साहेबांनी माशाकडे पाहिले. मांगुराने शेपटी आपटली आणि शिंतोडे साहेबांच्या चष्म्यावर उडाले. साहेबांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शेरेबुक मागितले. उभ्यानेच लिहिले: ‘पाठांतर उत्तम. मुलांना व शिक्षकांना समोर पाहण्याची सवय लावावी.’ खाली सही. साहेब व्हरांड्यातून जाताना मंगरूने उठून त्यांना नमस्कार केला.

पाच वाजता घंटा झाली तेव्हा मांगूर जिवंत होता. मंगरू आत आला, पोते हलक्या हाताने गुंडाळले. मी म्हणालो, “मंगरू, मी चुकलो.” तो म्हणाला, “मले सांगून काय करता? मले मालूमच होतं. मांडवात सांगा.” आणि मासा तळ्यात सोडायला गेला.

सात तारखेच्या रविवारी मी मांडवात उभा राहिलो. सामना नव्हता, तरी माणसे जमली होती. शाळेतला मासा सगळ्या पंचक्रोशीला माहीत झाला होता. मी सांगितले की चारशे बारा क्रमांकाचे छापील उत्तर चुकीचे आहे, मंगरूचे बरोबर आहे, मी पुस्तकावर विसंबलो आणि एका जाणत्या माणसाला सगळ्यांसमोर खोटे पाडले, त्याची मला माफी मिळावी. मग भय्याजींना म्हणालो की रेडिओचा विचार व्हावा. भय्याजी भला माणूस आहे, पण अडचणीत सापडला होता. रेडिओ त्यांच्या सासूबाईंच्या उशाशी पोचला होता, आणि तिथून काहीच परत येत नाही. ते म्हणाले, “गुरुजी, प्रश्नकर्त्याचा निर्णय अखेरचा, हे तुमीच सांगितलं होतं ना.” 

तेवढ्यात मंगरू उठला. “रेडिओ राहू द्या तिथंच,” म्हणाला. “बुढीमाय आयकून राहिली तर आयकू द्या. मले गुण पाहिजे. पाटीवर लिवा.”

हॉटेलवाल्याने गेल्या रविवारची पाटी अजून पुसली नव्हती. मी खडू घेतला. सोसायटीच्या अकरावर रेघ मारून बारा लिहिले, तुमसरचे बारा होते त्यांचे अकरा केले. बारातला दोन वाकडा आला. मंगरू पाटीजवळ आला, दोन्ही आकडे पाहिले, आणि मग मांडवाकडे वळून म्हणाला, “पुस्तक चुकलं. गुरुजी नाही चुकले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भय्याजींनी स्वतः त्याच्यासाठी चहा मागवला, आणि या वेळी तो त्याने घेतला.

सोमवारी शकुन वर्गात आली. दोन्ही वेण्यांना रिबिनी होत्या. मी भागाकार घेतला.

एवढे सगळे झाले. माझी अब्रू राहिली, सोसायटीची राहिली. ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उन्हाळ्यात सगळ्यांनी यावे, अंगणात झोपायला जागा भरपूर आहे.

आपला आज्ञाधारक
टिकाराम

ता. क. भाऊजी, वरचे पत्र काल लिहून ठेवले होते. रात्रभर झोप नाही, म्हणून हे वाढवतो. पुस्तिकेत प्रश्न पुढे आहेत आणि उत्तरे मागे. स्पर्धकांनी चोरून पाहू नयेत म्हणून मी डिसेंबरातच उत्तरांची पाने सोडवून वेगळी जपून ठेवली. ती इतकी जपून ठेवली की मलाच सापडत नाहीत. धानाच्या कोठीपर्यंत सगळे शोधले. जानेवारीपासूनची सर्व उत्तरे मी मनानेच दिली आहेत. दोन ते तीन मिनिटे हेही माझेच. पुस्तकात काय छापले आहे ते मला ठाऊक नाही.

दुसरे असे की मंगरूला ते चुकीचे पान पाहायचे आहे. शकुनकडून वाचून घेणार म्हणतो. तिला आता चांगले वाचता येते. तेव्हा कृपा करून दुकानात जाऊन तीच पुस्तिका काढावी आणि चारशे बाराचे उत्तर पाहावे. उत्तर चुकीचे छापले असेल तर एक प्रत लगेच पाठवावी. बरोबर छापले असेल तर पाठवू नये. मग मीच तळ्यावर जाऊन सांगतो, दुसरा इलाज नाही.

आणि कसेही असले तरी बंद पाकिटातच लिहावे, कार्ड टाकू नये. आमचा पोस्टमन तुलाराम सोसायटीच्या संघात आहे, आणि त्याचे बरेचसे सामान्यज्ञान गावच्या कार्डांतूनच आलेले आहे.