धोंड्याचा महिना आणि गयाबाईंची सुट्टी

सोम. ११ मे
राउंड उशिरा संपला. वॉर्डातले पंखे गरम हवाच खाली ढकलतात. पिंगळीकडच्या गयाबाई, खुब्याचं ऑपरेशन, आता बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, रविवारी सुट्टी देऊ. पण घरी रोज उभं करून चालवायला हवं, नाहीतर म्हातारी कायमची बाजेवर. म्हणजे आता समाजसेविकेचं, माझं काम सुरू. पेशंटला घरी पाठवायचं आणि घर त्याला आत घेईल असंही बघायचं.
दोन मुलगे, घराला घर लागून. आई एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. अमावस्या झाली की गयाबाई गाठोडं उचलतात आणि भिंतीपलीकडे जातात. बाप गेल्यावर वाटणीत तसं ठरलं. पडल्या त्या थोरल्या सुदामच्या अंगणात, वैशाखात. सुदाम म्हणाला, "अमावस्येपर्यंत मी हाय मॅडम. पुढं बालाजीची पाळी."
शनिवारी अमावस्या, रविवारी सुट्टी. बरं जुळलं.

बुध. १३
बालाजी आणि बायको आले. "ज्येष्ठ माझा. लागला की नेतो की." वॉकर धरून कसं उठवायचं ते बायकोला दाखवलं. पटकन शिकली. गयाबाई वॉर्डाच्या दारापर्यंत चालल्या आणि मलाच शाबासकी दिल्यासारखं हसल्या. 'मुलगा नेणार' लिहून मोकळी झाले.
संध्या. चारठाण्याहून आईचा फोन. धोंड्याचा महिना लागतोय, जावयाला घेऊन धोंडे खायला ये. बघते म्हणाले. मला कोण सुट्टी देतंय.

रवि. १७
काल सुदामनं आईचं गाठोडं आणून खाटेखाली ठेवलं, पाया पडला आणि गेला. आज बालाजीची वाट बघण्यात दुपार गेली. शेवटी मीच फोन केला.
"मॅडम, ह्यो धोंड्याचा ज्येष्ठ हाय. माझा निज ज्येष्ठ. त्यो पुढल्या अमावस्येनंतर."
मग हा महिना कोणाचा?
"ते दादाला इचारा."
दादा म्हणतो, माझा वैशाख सरला. मागच्या धोंड्यात बाप होता, वाटणीच झाली नव्हती, त्यामुळे जास्तीच्या महिन्याचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. विहिरीचं पाणी वाटलं, बांधावरची बाभूळ वाटली, आई वाटली. हा महिना राहून गेला.
आणि मी? बुधवारी माझ्याच आईनं फोनवर सांगितलं होतं, धोंडा लागतोय. तरी उजेड पडला नाही.

मंगळ. १९
दोघे भाऊ माझ्या टेबलासमोर. दोघंही नम्र. ओरडावं तर कोणावर.
सुदाम: "आमी न्हाई म्हनत न्हाई मॅडम. पन आज ह्यो महिना मी घेतला की दर धोंडा माझ्याच गळ्यात."
तीन वर्षांनी येणाऱ्या महिन्याची भीती आज! तरी ओरडलेच. आई म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे का, म्हटलं. बालाजी शांतपणे म्हणाला, "पान्यावरून तर डोकी फुटत्यात. आईवरून फुटू ने म्हनून तर पाळी लावली."
डॉक्टरांना खाट रिकामी हवी. त्यांचंही खोटं नाही, व्हरांड्यात माणसं पडलीत.
गयाबाई आज उठल्या नाहीत. वॉकर पुढे केला तर म्हणाल्या, "उबं ऱ्हाऊन जाऊ कुनाकडं, बाई?" फार वाईट वाटलं. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं.

गुरु. २१
गयाबाईंची मुलगी सुरेखा पाथरीहून आली. "मी नेते," सरळ म्हणाली. मी उड्या मारायच्याच बाकी होत्या. पण म्हातारी!
"धोंड्यात जावयाला वाण द्यायचं, का त्येच्याच दारात भाकर मोडायची? लोक तोंडात शेण घालतील."
सुरेखा रडली, मग चिडली, मग एसटी चुकेल म्हणून डबा ठेवून गेली. म्हातारीचा डब्याला हात नाही. पाणीसुद्धा घोटभर, बेडपॅन मागावा लागू नये म्हणून.
मला गयाबाईंचाच राग आला. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार.

शनि. २३
कमरेखाली लाल चट्टा. सिस्टरनी दाखवला. सुरुवात आहे. अशाच पडून राहिल्या तर कातडी फाटेल, मग जखम, मग...
दुपारी जावई आला. पाथरीत जीप चालवतो. बोलणं कमी. सासूच्या खाटेशी हात बांधून उभा.
"मामी, धोंड्यात जावयाचा मान अस्तो म्हनत्यात."
"अस्तो की."
"मग मला अनारसे नको, कपडे नको. तुमी घरी चला. येवढा मान द्या."
म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. आतूनच म्हणाली, पीठ माझं पाहिजे, ज्वारी गावाकडून येऊ द्या. आणि धोंडा सरला की बालाजीकडं.
माझे डोळे भरले. सिस्टर म्हणते, "मॅडम, तुमच्या घरचं लग्न जमलं का काय?" जमलंच म्हणायचं.

सोम. २५
सुट्टी झाली. ज्वारीचं पोतं घेऊन दोघे भाऊ वेळेच्या आधी हजर. पोतं जीपमध्ये चढवलं, आईलाही अलगद उचलून बसवलं. सुदामनं पाठीशी उशी दिली. बालाजी वॉकर बांधताना डोळे पुसत होता. वाईट माणसं नाहीत. तेच अवघड आहे.

मंगळ. २ जून
सुरेखाचा फोन. चट्टा गेला. चुलीपासून दारापर्यंत चालतात. स्वतःच्या पिठाच्या भाकरीशिवाय घास घेत नाहीत. सांगताना सुरेखा हसत होती. दिवस बरा सुरू झाला.
तासाभरात बालाजी. "मॅडम, तिथं लय सुधारायलीय ती. हलवायची कशाला? डॉक्टरनंच हलवू नका म्हनलं, असं तुमी सांगा तिला."
नाही म्हणाले. थोड्या वेळानं सुदामचाही तोच फोन. भावाभावांचं अखेर एकमत झालं.

बुध. १०
रजा टाकून पाथरीला गेले. ऑफिसचं काम नाही, राहवलं नाही म्हणून. गयाबाई वॉकर टेकत पुढे आल्या. "बगा बाई, चालायलेय." गाठोडं बांधून कोपऱ्यात तयार. "सोमवारी अमावस्या. मंगळवारी बालाजी येनार." मागून सुरेखानं मान हलवली. नाही.
बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मला जड न्हाई ती. ह्यांनाबी न्हाई. पन तिचं मन इथं लागंना. रोज इचारती, बालाजीचा महिना कवा लागनार."
एसटीतून बालाजीला फोन केला. उचलला नाही. परत केला. तेच.

मंगळ. १६
काल अमावस्या झाली, निज ज्येष्ठ लागला. सकाळी आईचा फोन. धोंडा संपला, आला नाहीत तुम्ही. रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं.
दुपारपासून सुरेखाचे फोन. गयाबाई आज वॉकरसुद्धा न घेता, भिंतीला धरून एकट्या दारात गेल्या. खुर्चीवर बसल्यात, गाठोडं मांडीवर. रस्त्यावर जीप वाजली की उठून उभ्या राहतात. कोणाचा हात लागत नाही. आमच्याकडे याला पेशंट बरा झाला म्हणतात.
बालाजीचा फोन बंद. सुदाम उचलतो. "निज ज्येष्ठ बालाजीचा हाय मॅडम. मी मधी कसा पडू?"
दिवेलागणीला पुन्हा सुरेखा. आत यायला तयार नाही, काय सांगू तिला? मी म्हटलं, सांग की उद्या सकाळी... पुढचं वाक्य तोंडातून निघेना. तिच्यामागून गयाबाईंचा आवाज येत होता. "कोन हाय गं? बालाजी हाय का?"